सहावा डेमो

भोरच्या त्या ऑफिसात दर दुसऱ्या शुक्रवारी डेमो व्हायचा आणि दर डेमोला पालीच्या ठकुबाई एसटीने यायच्या. आजारी माणसाला न्यायला जीप बोलवायचं ॲप. ते वापरणाऱ्यांनीच बघावं, असा नियम. नियम कागदावर झकास होता. मोठ्या पडद्यावर ॲप बनवणारी वैदेही बटण दाबायची, जीपचं चित्र हलायचं आणि टीमचा प्रमुख प्रद्युम्न विचारायचा, "कसं वाटलं मावशी?" ठकुबाई पदर सावरून म्हणायच्या, "चांगलं हाय." आता चहा पाजणाऱ्याच्या तोंडावर वाईट कोण म्हणतंय? पण प्रद्युम्न तेवढंच लिहून घ्यायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

पाच डेमो असे पार पडले. मग एका सकाळी ठकुबाईंचे मालक, भिमा, छातीत कळ येऊन गेले. ॲप घरातल्या मोबाईलवर होतं, तरी जीप आली नाही.

वैदेहीने नोंदी काढल्या. त्या सकाळी पालीतून बटण दाबलंच गेलं नव्हतं.

"म्हणजे ॲप ठणठणीत आहे," प्रद्युम्न म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. वैदेहीला ना राग आला, ना रडू. आतून नुसतं बधिर झालं होतं. बटण का दाबलं नाही, एवढंच तिला हवं होतं. सहाव्या डेमोत पास झालं की ॲप पन्नास गावांत जाणार होतं.

सहाव्या डेमोलाही ठकुबाई आल्या, मोकळ्या कपाळाने. त्यांना चहा दिला. वैदेहीने बटण दाबलं, जीप हलली, प्रद्युम्नने तेच विचारलं.

"चांगलं हाय," ठकुबाई म्हणाल्या.

टाळ्या वाजायच्या आत वैदेहीने लॅपटॉप मिटला आणि आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला. "मावशी, आज तुम्ही बोलवा जीप."

ठकुबाईंनी तो प्रसादासारखा ओंजळीत धरला. बोट काही हललं नाही.

"त्या दिवशी ॲप उघडलं होतं का?" वैदेहीने विचारलं.

"व्हय की. म्या उघडलं, ह्यांच्या उशाशी धरून बसले." ठकुबाईंनी मोबाईल परत तिच्यापुढं केला. "हितं दर बारीला तुमीच दाबता न्हवं? मी वाट बघत व्हते ताई, तुमी कवा दाबताय त्याची."