चार बोटांचं भांडण

गल्लीतल्या टेलरकाकांना राग दोनच गोष्टींचा यायचा: बोथट कात्री आणि समोरचा कापडवाला. कात्रीला धार लावता येते, कापडवाल्याला काय लावणार? तीस वर्षं हेच चाललं होतं. त्याच्या दुकानातलं अडीच मीटर कापड काकांनी टेबलावर पसरून टेप लावली, की हमखास चार बोटं कमी भरायचं. मग काका गिऱ्हाइकाला उंबऱ्यापर्यंत नेऊन समोर बोट दाखवायचे.

"जा, तुमची चार बोटं मागून आणा."

कापडवाला आपला लोखंडी मीटर गल्ल्यावर आपटायचा. "यावर दरवर्षी सरकारी शिक्का बसतो!"

"शिक्का बसतो, तेव्हाच जरा झिजत असेल," काका इकडून ओरडायचे. त्यांनी त्याचं नावच 'चारबोटे' पाडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की त्याचं खरं आडनाव आता टपालवाल्यालाही आठवत नसे.

अशात शहराचा नवा विकास आराखडा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागला. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सगळ्या गल्लीच्या 'बाई', तो बघून आल्या आणि त्यांनी तडक काकांच्या दुकानात बैठक भरवली.

"नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्ल्या बारा मीटर करणार आहेत. जुन्या नकाशात आपली गल्ली साडेआठ दाखवलीय. म्हणजे दोन्ही बाजूंची पावणेदोन-पावणेदोन मीटर बांधकामं जाणार."

काकांचं दुकान होतंच अडीच मीटर खोल. काकूंनी मागच्या भिंतीपासून मशीनपर्यंत एकदा नजर फिरवली. "मग मशीन मावेल," त्या म्हणाल्या, "शिंपी मावायचा नाही."

याच टेबलाशी स्टुलावर उभं करून वडिलांनी काकांच्या हातात पहिली कात्री दिली होती. दुसरीकडे कुठे बसून शिवायचं, हे त्यांना खरोखरच सुचेना.

"महिनाभरात कुणालाही हरकत घेता येते," बाई म्हणाल्या. "पण हरकत म्हणजे रडगाणं नव्हे. नकाशा जुना आहे, आपण ताजं माप देऊ. टेप कुणाकडे आहे?"

टेप अर्थातच काकांच्या गळ्यात होती, तीही वडिलांच्याच हातची. बाईंनी एक टोक भिंतीशी धरलं आणि काका ओणवे होऊन दीड-दीड मीटर पुढे सरकत गेले. टेप सहाव्यांदा पसरली, पण संपायच्या आधीच समोरची भिंत आली. आठ मीटर ऐंशी. वीस सेंटीमीटरनं घात झाला होता.

सगळे मान खाली घालून उभे असताना चारबोटे दुकानातून उतरला. कुणाशी न बोलता त्यानं लोखंडी मीटर जमिनीवर ठेवला, खडूनं खूण केली, पुन्हा ठेवला, पुन्हा खूण केली. नऊ वेळा मीटर ठेवून झाला तरी भिंतीला सहा सेंटीमीटर बाकी होते.

"बघा!" काका उसळले. "मीटर आखूड आहे म्हणूनच जास्त भरतो! तीस वर्षं मी काय बोंबलतोय?"

काकूंनी त्यांची बाही ओढली. "अहो, आजच्या दिवस तरी त्याचा मीटर खरा असू द्या की."

बाईंनी हरकतीच्या अर्जात दोन्ही मापं लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि खाली मागणी केली: ऑफिसनं स्वतः येऊन मोजावं.

पुढचे पंधरा दिवस काकांनी एकही काज धड केलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर! टेप खरी निघाली तर दुकान जाणार. मीटर खरा निघाला तर तीस वर्षं एका सज्जन माणसाला भर गल्लीत चोर म्हटल्याचं पाप डोक्यावर. शेवटी एका सकाळी दोरा ओवता ओवता त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं, की आपण खोटे ठरावं अशीच आपली इच्छा आहे. कबूल केल्यावर दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला.

ऑफिसातून एक तरुण इंजिनिअर मॅडम पोलादी टेप घेऊन आल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी ती ताणून धरली, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "नऊ मीटर, सहा सेंटीमीटर." जागेवरच शेरा लिहिला: गल्ली आहे तशी ठेवावी. बाईंनी त्यातलं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं, तेही मॅडमनी ऐकलं.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी कुतूहलानं काकांची टेप आपल्या टेपशेजारी ठेवली. काकांचे दीड मीटर साडेचार सेंटीमीटर पुढे गेले होते.

"ताणून ताणून लांबलीय हो! आणि कुणाचे कपडे बिघडले नाहीत?"

"कसे बिघडतील?" काकू म्हणाल्या. "माणूसही हिनंच मोजायचा आणि कापडही हिनंच."

"नवी घ्या आता."

"वहीत सगळ्या गल्लीची मापं या टेपची आहेत," काका हळूच म्हणाले. "बदलली तर सगळे आवळ कपड्यांत फिरतील."

मॅडम गेल्या. काका थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग टेप गळ्यात तशीच ठेवून, वाचलेल्या गल्लीचे सगळे नऊ मीटर सहा सेंटीमीटर चालत ते समोरच्या दुकानात गेले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"तुझा मीटर खरा होता," ते म्हणाले. "मी चुकलो. माफ कर."

कापडवाल्यानं वरच्या फळीवरून राखाडी कापडाचा तागा ओढला.

"तुझ्यापायी तीस वर्षं पलीकडच्या चौकात जाऊन कपडे शिवून घेतोय. पायपीट झाली माझी. कोटाचं माप घे."

काकांनी खांदे मोजले, छाती मोजली, बाह्या मोजल्या.

"किती लागेल?"

"अडीच मीटर."

"तुझे की माझे?"

काकांचा चेहरा उतरला, मग एकदम हसू फुटलं. "तुझे रे बाबा, तुझेच!"

कापडवाल्यानं शिक्क्याच्या मीटरनं अडीच मीटर मोजले. मग आपली चार बोटं कापडावर आडवी ठेवली आणि त्यांच्या पलीकडे कात्री लावली.