नागप्पा महाराजांची तरंगती अंडी

किल्लारीच्या नव्या गावठाणात रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. चौकात टेबलावर टीव्ही, टीव्हीपुढे पाण्याने भरलेली दोन घंगाळं आणि घंगाळांमागे नागप्पा महाराज. केबलवाला व्यंकटी अमेरिकेतली हेवीवेट बॉक्सिंग लावायचा. त्याआधी महाराज दोन्ही लढवय्यांच्या नावाने एकेक अंडं एकेका घंगाळात सोडायचे. ज्याचं अंडं तरंगलं तो जिंकणार, ज्याचं बुडालं तो मार खाणार. महाराज एकदाही चुकले नव्हते.

"मुक्का बसायच्या आधी मला ऐकू येतो!" ते गरजायचे. "अरे, धरणीच्या पोटातलं मी ऐकलं, तिथं या हाडामांसाच्या रेड्यांचं काय घेऊन बसलात?"

भूकंपाचं आपल्याला आधीच कळलं होतं, असं त्यांचं म्हणणं. भूकंप झाल्यावर असं म्हणणारे लई निघाले. आधी सांगणारा मला तरी एकही भेटला नाही. पण ज्या घरातून माणूस गेला नाही असं घर आमच्यात नव्हतं, म्हणून पुढचं सांगणाऱ्याचे पाय लोक सोडत नसत.

शेजारचा जावेद त्यातलाच. भूकंपात त्याची बायको गेली, एक पोरगी राहिली, नाजिया. डॉक्टर व्हायचं म्हणून ती लातूरला बारावीच्या क्लासला होती. जावेदने तिच्या नावाचं अंडं महाराजांना सोडायला लावलं. ते बुडालं. महाराजांपुढच्या दक्षिणेच्या परातीत ज्याची नोट मोठी त्याचंच अंडं तरतं, हे मी बघत होते, पण जावेद बघत नव्हता.

"डॉक्टरकी बुडाली," महाराज म्हणाले. "लातूरला ठिवशील तर पोरगीबी हातची जाईल. लगीन लावून मोकळा हो."

दुसऱ्याच दिवशी जावेदने पोरीला ट्रंकेसकट घरी आणलं.

"जावेद, पोरीचं वाटोळं करतोयस," मी म्हणाले.

"मावशी, हिची अम्मी गेली तवा सांगणारं कुणी न्हवतं. आता सांगणारा हाय, तर मी ऐकू नगं?"



पुढच्या रविवारी दुपारी नाजियाच्या खाजामामूचा दुबईहून एसटीडी बूथवर फोन आला. बोलून आली ती गालात हसतच. "आजी, आज चौकात चला. पुढं बसू."

संध्याकाळी लाल चड्डीवाल्याचं अंडं तळाला गेलं, पांढऱ्या चड्डीवाल्याचं वर आलं. जयजयकार झाला. तेवढ्यात नाजिया उठली.

"म्हाराज, कितव्या फेरीत ते सांगा."

"देव फेऱ्या मोजत न्हाई, पोरी."

"मग मी सांगते. आधी लालवाल्याची डावी भुवई फुटंल, अन् आठव्या फेरीत तो उताणा पडंल."

"बसा खाली, डॉक्टरीणबाई!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

व्यंकटीने टीव्ही लावला. डावी भुवई फुटली, तसं हसणं थांबलं. आठव्या फेरीत लालवाला उताणा पडला, आणि विठाबाईने धावत येऊन नाजियाचे पाय धरले.

"माय, तुझ्या अंगात आलंय गं!"

"उठा हो काकू! अंगात कुणी आलं न्हाई, मामूचा फोन आला होता. अमेरिकेत रात्र असते तवा आपल्याकडं सकाळ असते. ही लढत आज सकाळीच झाली, मामूनं दुबईत बघितली. व्यंकटीकाका सकाळी टेप करतात, संध्याकाळी लावतात. टेबलाखालचं फडकं काढा."

फडकं मीच ओढलं. आत व्हीसीआर फिरत होता. व्यंकटी गर्दीत दिसेना.

"अन् अंडी?" महाराज ओरडले. "अंडीबी दुबईहून आली का?"

नाजियाने दोन्ही अंडी उचलली आणि अदलाबदल करून सोडली. लालवाल्याचं वर आलं, पांढऱ्याचं तळाला बसलं. मी वर आलेल्या अंड्याखालचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घातलं आणि तिथेच थुंकले. लोणच्यातसुद्धा एवढं मीठ कुणी घालत नाही.

"मिठानं पाणी जड होतं," नाजिया सगळ्यांना म्हणाली. "जड पाणी अंड्याला वर उचलतं. घरी करून बघा, ज्याचं पाहिजे त्याचं अंडं तरतं."

जावेद गर्दीतून पुढे आला. महाराजांसमोर उभा राहिला.

"मला एकच सांग. भूकंपाचं तुला कळलं होतं का? कळूनबी गप बसला असशील तर माझ्या बायकोचा खून तू केलास. कळलं नसंल तर तू खोटारडा. दोन्हीतला कोण हायस?"

महाराजांनी चपला शोधल्या नाहीत. अनवाणीच आपली जीप गाठली.

सकाळी जावेदने ट्रंक लातूरच्या एसटीत चढवली. "मावशी, हिचं होईल ना?"

"मला माहीत नाही. तिलाही नाही. अभ्यास करायला लागेल."

वाचणाऱ्यांनो, पुढचं दिसतं म्हणणारा भेटला तर त्याच्या पाया पडू नका. त्याच्या टेबलाखाली बघा, त्याचं पाणी चाखा, चारचौघांत त्याला प्रश्न विचारा. तो रागावेल, शाप देईल. देऊ द्या. जमीन पुन्हा कधी हलेल हे आजही कुणाला सांगता येत नाही. ती हलली तरी उभं राहील असं घर कसं बांधायचं, हे मात्र सांगता येतं. ते शिका.