शेजारच्या ताऱ्याचे ठोके

ताडकळसच्या विहारापुढं मांडव पडला होता, शाल आणून ठेवली होती, आणि नवा तारा शोधणारी लेक म्हणून धम्मशीला फ्लेक्सवर हसत होती. खरी धम्मशीला घरात लॅपटॉपपुढं बसली होती.

क्ष-किरण हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते टिपणाऱ्या दुर्बिणी अवकाशात फिरतात. अशाच एका दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिला एकाएकी पेटलेला नवा तारा दिसला होता. या कामात जो आधी सांगेल त्याचा शोध. तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक रजेवर होते, त्यांची वाट बघायला हवी होती, पण धीर कुणाला होता! तिनं जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना सूचना धाडून दिली. एका परदेशी संस्थेनं लगेच आपली मोठी दुर्बीण तिकडं वळवायचं ठरवलंही.

आज सत्काराला काय बोलावं म्हणून तिनं तीच निरीक्षणं पुन्हा उघडली, आणि तिला चूक दिसली. अशा ताऱ्यांच्या उजेडाला नाडीसारखे ठोके असतात, प्रत्येकाचे वेगळे. तिच्या ताऱ्याचे ठोके शेजारच्या एका जुन्या, झगझगीत ताऱ्याशी तंतोतंत जुळत होते. म्हणजे नवं काही नव्हतंच. त्या शेजाऱ्याचा उजेड तिरका येऊन दुर्बिणीच्या आरशावर पडला होता आणि भलत्याच जागी उमटला होता. ठोके आधी मोजायचे असतात, आणि घाईत नेमकं तेच राहिलं होतं.

तासाभरात ती मोठी दुर्बीण वळणार होती. कुणाचं तरी कधीपासून ठरलेलं निरीक्षण तिच्या शब्दाखातर रद्द होणार होतं. आणि शब्द मागं घ्यावा, तर पुढं तिचा शब्द कोण धरणार? तिला त्याचीच भीती वाटली.

तेवढ्यात वडील, निवृत्त मुख्याध्यापक पंडितसर, नवा सदरा घालून बोलवायला आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते बाजेवर बसले. अजून कुणाला माहीत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. कुणालाच नव्हतं.

"तासभर थांब की मग," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "कार्यक्रम होऊ दे. लोकं जेवून जाऊ दे."

"तवर दुर्बीण वळंल, बाबा."

ते सदऱ्याची बटणं चाचपत राहिले. कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारा हा माणूस. तेही घाबरलेत हे कळल्यावर ती आणखीच घाबरली. तरी तिनं लिहिलं: तारा नाही, चूक माझी. आणि पाठवून दिलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, दुर्बीण थांबवली आहे. त्यात ना कौतुक होतं, ना बोल.

मांडवात तिच्या हाती माईक आला. पुढच्या रांगेत तिची आई सत्यशीलाबाई आणि शेजारी बाबा बसले होते.

"मी सांगितलेला नवा तारा न्हाईच," ती म्हणाली. "माझी चूक झाली. जगाला कळवलंय, आता तुमाला सांगायलेय."

कुणी टाळी वाजवली नाही. शाल धरलेले सरपंच तसेच उभे राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा खाली, आपल्या चपलांकडं बघत होते. ते वर बघतील म्हणून धम्मशीला माईक धरून थांबली. त्यांनी बघितलं नाही.