अडुसष्ट टक्के

फिनलंडातल्या कुओपिओत पारा उणे एकोणतीसवर गेला की माणसं सकाळी दोनच गोष्टी बघतात. आपली गाडी सुरू होते का, आणि शेजाऱ्याची होते का. हेल्वीचा नवरा तौनो तिसरीही बघायचा. चूळ भरायच्या आधी तो कपड्यांच्या खोलीत जायचा, भिंतीवरच्या तबकडीत दमटपणा किती आहे ते वाचायचा आणि वहीत लिहायचा. बायकोला झोप लागली का, हे विचारायचं मात्र त्याला त्रेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

नावाला ती कपड्यांची खोली होती. कपडे बिचारे तीन वर्षांपूर्वीच सोफ्यामागच्या खोक्यांत गेले होते आणि त्यांच्या जागी देवदाराच्या पेट्यांतून सिगारी राहायला आल्या होत्या. त्यांना अठरा अंशाची ऊब लागायची आणि अडुसष्ट टक्के ओलावा. कमी झाला की वरचं पान तडकतं, जास्त झाला की बुरशी धरते. म्हणून दाराच्या चारी कडांना रबरी पट्टी होती, आत वाफ सोडणारं छोटं यंत्र होतं, आणि त्याला पाणी लागायचं ते डिस्टिल्ड. नळाचं पाणी चालत नव्हतं, आणि हे सांगणारा माणूस तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात उपप्रमुख होता.

खोलीबाहेरचा दमटपणा होता बारा टक्के. बाहेर कडाक्याची थंडी, आत चोवीस तास तापलेले रेडिएटर, दुसरं काय होणार? हेल्वीचे ओठ फुटले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि रोज पहाटे नाकातून रक्त येऊन उशीचा अभ्रा खराब होत होता. शनिवारी सोसायटीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, त्यांची तासाभराची पाळी असायची, तेवढा वेळ तिला माणसात आल्यासारखं वाटायचं. रविवारी सकाळी पुन्हा नाकाशी कापूस. आरोग्य केंद्रातली डॉक्टर म्हणाली, औषध कसलं देऊ, घरात निदान चाळीस टक्के ओलावा ठेवा. हेल्वीने घरी येऊन तसं सांगितलं, तर तौनो म्हणाला की ती डॉक्टर अजून लहान आहे. बैठकीत वाफेचं यंत्र लावलं की खिडक्यांच्या चौकटी कुजतात. तिने रेडिएटरवर ओला टॉवेल टाकला, तो त्याने उचलून दोरीवर नेला. तिने शेगडीवर पाणी उकळत ठेवलं, ते त्याने बंद केलं आणि पाण्याचा स्वभाव या विषयावर तिला अर्धा तास ऐकवलं.

मोठी गंमत अशी की त्या सिगारी कुणी ओढतच नव्हतं. बाल्कनीत ओढायला सोसायटीची मनाई होती. घरात खुद्द तौनोची, कारण पडद्यांना वास लागतो. खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी मुभा होती, पण उणे पंचविसात तिथे नेलेली सिगार पेटवेपर्यंत तडकते. उन्हाळ्यात डास. तौनो ज्याचा अध्यक्ष होता त्या सिगार मंडळात त्याच्याखेरीज आर्मास नावाचा निवृत्त दंतवैद्य आणि सुलो नावाचा भूगोलाचा माजी मास्तर असे दोघे होते, आणि तिघांपैकी एकानेही तीन वर्षांत काडी ओढली नव्हती. तरी दर फेब्रुवारीत, ऐन थंडीच्या आठवड्यात, ते एकमेकांच्या घरी जाऊन तबकड्या तपासायचे. ज्याचा ओलावा सर्वांत नेमका, तो वर्षभर अध्यक्ष.

हेल्वीच्या वडिलांनी जन्मभर सिगारी ओढल्या. लाकूडकारखान्यातला माणूस, हिवाळाभर त्या बुटाच्या गळ्यात खोचून फिरायचा. लहानपणी त्यांची टोकं कापून द्यायचं काम हेल्वीकडे होतं. हे तिने एकदा मंडळासमोर सांगितलं, तेव्हा आर्मासने कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा केला.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तौनो बाहेर गेला असताना ती त्या खोलीत जुना स्वेटर शोधायला गेली. तो मिळाला नाही. पण पाच मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की आपण नाकाने श्वास घेतोय. ती तिथेच एका पेटीवर बसली, आणि तिला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने आत घडीची खुर्ची नेली. मग लोकरीचं विणकाम, मग चहाचा थर्मास. गुदमरायला नको म्हणून दाराखालची पट्टी वीतभर सोडवली. तौनो रोज अकरा ते दोन वाचनालयात फुकट वर्तमानपत्रं वाचायला जायचा, तेवढे तीन तास तिचे. धुतलेले मोजेही ती तिथेच वाळत घालायची आणि तो यायच्या आत सगळं पेटीमागे सारून बाहेर पडायची. ओठ भरून आले. नाकातलं रक्त थांबलं. तौनोला ते दिसलं नाही. त्याला दिसली ती तबकडी.

दर हिवाळ्यात घसरून अठ्ठावन्नवर येणारा काटा यंदा अडुसष्टवर खिळ्याने ठोकल्यासारखा उभा होता. तौनोने विचार केला आणि श्रेय यंत्राला दिलं, कारण ऑक्टोबरात त्याने ते उत्तरेकडे तोंड करून ठेवलं होतं. त्यावर मंडळाच्या पत्रिकेत त्याने चार पानी लेख लिहिला. हेल्वीने तो खोलीतच बसून वाचला आणि चहा पिताना तिला ठसका लागला.

तपासणीचा रविवार आला. आर्मास आणि सुलो दोन वाजता येऊन दारात बूट काढून मोज्यांवर आत आले. हेल्वीने कॉफी आणि वेलदोड्याचे पाव ठेवले. आर्मासच्या घरी एकसष्ट निघाले होते, सुलोकडे पंचावन्न, त्यामुळे सुलो पावाकडेही बघत नव्हता. तौनोने ढोल वाजवायचा तेवढाच बाकी ठेवून दार उघडलं.

काटा त्रेसष्टवर होता.

चूक कुणाची, तर तौनोचीच. शुक्रवारपासून तो वाचनालयात गेला नव्हता. तपासणीच्या तयारीसाठी घरीच ठाण मांडून बसला होता, त्यामुळे हेल्वीला तीन दिवस आत जाता आलं नव्हतं. आज पहाटे तिचं नाक पुन्हा वाहिलं होतं. तौनोचा चेहरा पडला. आर्मास मात्र वाकून पेटीमागे बघत होता. त्याने तिथून घडीची खुर्ची काढली, मग थर्मास, मग अर्धा विणलेला मोजा.

"हे कुणाचं?"

"माझं," हेल्वी म्हणाली. "मी रोज इथे बसते. घरात मला श्वास घेता येत नाही."

सुलो मोज्याकडे आणि तबकडीकडे आळीपाळीने बघत हिशोब मांडत होता. शेवटी भूगोलाच्या मास्तराला उलगडलं.

"म्हणजे उत्तर दिशेचा काही संबंध नाही. माणसाच्या श्वासात ओलावा असतो. तौनो, हे यंत्र नाहीच, ही तुझी बायको आहे."

तौनो बायकोकडे बघत राहिला. तिच्या नाकपुडीत अजून कापूस होता. आता हा काही बोलेल, असं हेल्वीला क्षणभर खरंच वाटलं. चुकलो म्हणेल, निदान दुखतंय का असं तरी विचारेल. तेवढ्यात उघड्या दारामुळे काटा एकसष्टवर उतरला.

"हेल्वी," तो घाईने म्हणाला, "आत जाऊन बस. आणि दार लाव."

ती गेली. त्याने सांगितलं तसं दारही लावलं, आणि आतून कडी घातली.

वरच्या फळीवर एक पेटी होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली की सौनानंतर दोघांनी मिळून एकेक ओढायची, म्हणून बारा वर्षांपूर्वी आणलेली. चाळिसावं झालं, तेव्हा तो म्हणाला, अजून मुरू दे. एकेचाळिसाव्यालाही तेच. तिने झाकण उघडलं, एक सिगार निवडली आणि पेटीमागे राहिलेल्या पिशवीतल्या, लोकर कापायच्या कात्रीने तिचं टोक अचूक उडवलं. हात विसरला नव्हता. त्याच पिशवीत मेणबत्तीसाठी ठेवलेली काडेपेटी होती.

बाहेर पहिल्यांदा आवाज आला, मग वास. वीतभर मोकळ्या फटीतून निळसर धूर सावकाश बैठकीत पसरला आणि पडद्यांपर्यंत पोचला. तौनो दार वाजवून ओलाव्याचं काहीतरी ओरडत होता. आर्मास त्याच्या बाजूने पुढे सरकला आणि मोज्यांवरच गुडघे टेकून खाली बसला. त्याने फटीशी नाक नेऊन डोळे मिटले. सुलोही शेजारी येऊन बसला.

"हेल्वी," आर्मास फटीतून हळूच म्हणाला, "कुठल्या पेटीतली गं?"

"चाळिसाव्याची," ती आतून म्हणाली. "छान मुरली आहे."