रिवाजाची साक्ष

आणीबाणी उठली त्या साली भंडाऱ्याला कामगार प्रतिनिधींचं शिबिर झालं. तिथून तुमसरला परतल्यावर मी आमच्या राइस मिलमध्ये अर्धा वकील म्हणून मिरवू लागलो. पहिलीच केस आली आणि सगळी ऐट जिरली.

बायजाबाई मिलमध्ये पाखडणीला होती. संध्याकाळी घरी जाताना पाखडणाऱ्या बाया जमिनीवर सांडलेली तांदळाची कणी ओटीत घालून नेत. शेठच्या बापापासूनचा रिवाज. नव्या मॅनेजरने नेमकं तिलाच फाटकात धरलं आणि चोरीचा आळ घातला. चौकशीत चोरी शाबीत झाली तर नोकरी जाणार. घरात बाळंतपणाला आलेली लेक, आणि कमावती ही एकटीच. तिची बाजू मला मांडायची होती.

मी धावत भंडाऱ्याला लक्ष्मणराव वकिलांकडे गेलो. युनियनची कामं तेच बघत, शिबिरातही त्यांनीच शिकवलं होतं. ते म्हणाले, रिवाज आहे हे तू सांगून भागणार नाही. कणी नेणाऱ्या दोघी-तिघींच्या तोंडून आलं पाहिजे. मला हायसं वाटलं. पाखडणीतल्या सुमनबाई आणि सत्यभामा आधी नाहीच म्हणाल्या. मी त्यांचा पिच्छाच पुरवला, कायदा समजावला, शेवटी तयार केलं.

चौकशीच्या दिवशी सुमनबाई पुढे आली. तिने तोंड उघडण्याआधीच मॅनेजर कारकुनाला म्हणाला, "हिचंही पूर्ण नाव लिहा. आणि कणी कधीपासून नेते, तेही."

सुमनबाईने माझ्याकडे पाहिलं. असं झालं तर काय करायचं, हे मी वकिलांना विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात बायजाबाई उठली.

"तिले काहून विचारता जी? ती नाही नेत. मी एकटीच नेत होती."

मी तिला खाली बसवायला गेलो, तर तिने माझा हात झिडकारला. कारकुनाने लिहिलं, तिने अंगठा दिला आणि चौकशी संपली.

फाटकापर्यंत मी तिच्या मागे मागे गेलो. वकिलांना भेटू, वर दाद मागू, असं काहीबाही बरळत होतो. ती थांबली.

"तुलाराम, मले वाचवाले त्यायचं पोट कायले पुढं केलं बापा?"

त्या संध्याकाळी सुटी झाल्यावर बाया फाटकाशी आल्या आणि कोणी न सांगता पहारेकऱ्याला पदर झटकून दाखवू लागल्या. मी बाजूला उभा होतो. सुमनबाईने तो माझ्यासमोरही झटकला.