एक्केचाळिसावं कार्ड

भोंगा वाजला तेव्हा थोरलीला वाटलं, ही नेहमीचीच कवायत. दर दोन महिन्यांनी भोंगा वाजायचा, सगळे हातातलं काम टाकून फाटकाजवळच्या झाडाखाली जमायचे, मोजणी व्हायची आणि पॅकिंगच्या बायका तेवढेच पाय मोकळे करून गप्पा मारत परतायच्या. आज मात्र तीन नंबरच्या शेडच्या खिडक्यांतून तांबूस धूर बाहेर पडत होता. अ‍ॅसिडच्या पाइपाचा जोड सुटला होता आणि फरशीवर नायट्रिकचं तळं झालं होतं. कोणी गप्पा मारत नव्हतं.

सेफ्टीसाहेबांनी हजेरीच्या मशीनमधून काढलेली यादी घेऊन दोनदा माणसं मोजली. कार्डं एक्केचाळीस लागली होती, माणसं चाळीस भरत होती. यादीवरून उतरत आलेलं त्यांचं बोट धाकटीच्या नावावर थांबलं.

धाकटी, म्हणजे थोरलीची जाऊ, आज कामावर आलेलीच नव्हती. लेकाला ताप होता. "ताई, मी येतेच मागून, तेवढं माझं कार्ड लावा," असं सांगून ती घरी थांबली होती. आता यात थोरलीनं जगावेगळं काही केलं होतं असं नाही. जी आधी पोचेल तिनं मागे राहिलेलीचं कार्ड लावायचं, हा पॅकिंगचा शिरस्ताच होता; जी लावणार नाही तिच्याशी बाकीच्या आठवडाभर धड बोलत नसत. त्यातून धाकटीला आधीच दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला की कामावरून काढत, आणि दुसरीचं कार्ड लावणारीलाही तिच्याबरोबर काढत. एका घरातल्या दोघी एकदम घरी बसल्या असत्या.

"म्हणजे ती आत आहे," साहेब म्हणाले.

अ‍ॅसिडवर टाकायच्या सोड्याची पोती ढकलगाडीवर चढवणारा एक जण तिथल्या तिथे थांबला. तो धाकटीचा नवरा, थोरलीचा दीर; पहाटेच्या पाळीला आल्यामुळे बायको घरी थांबल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. सांडलेलं अ‍ॅसिड आवरायला जे चौघे शिकवून तयार केले होते, त्यांतला तो एक. हातातलं पोतं त्यानं खाली टाकलं, पाठीला हवेचं नळकांडं बांधलं आणि मास्क उचलला. चौघांतलाच बॉयलरवालाही मास्क चढवून त्याच्यासोबत निघाला.

"हवा वीस मिनिटांची आहे," साहेबांनी बजावलं. "पंधराव्या मिनिटाला दोघेही बाहेर. शिटी वाजली तर त्याआधी."

जाता जाता दिरानं थोरलीकडे पाहिलं. "वहिनी, घाबरू नका. आणतो तिला."

तेव्हा बोलायला हवं होतं. एरवी पॅकिंगच्या टेबलावर दिवसभर चुरूचुरू चालणारी तिची जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. तिनं स्वतःची समजूत घातली की भावोजी आत बघतील, कोणी सापडणार नाही, परत येतील. कोणाचं काय जाणार आहे? तीन मिनिटं गेली, चार गेली. धुरानं शेडचं दारही गिळलं. आठवं मिनिट सरलं तशी ती धडपडत साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, ती आत नाही. घरी आहे. तिचं कार्ड मी लावलं."

साहेब तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिटी तोंडात घातली आणि लांबलचक तीनदा वाजवली.

बॉयलरवाला बाहेर आला, पण एकटाच. "शिटी ऐकल्यावर मी त्याला ओढला," तो धापा टाकत म्हणाला. "माझा हात झटकून तो आणखी आत गेला."

तेवढ्यात फाटकातून धाकटी पळत आली. एका हातात डबा, साडीचा पदर कमरेला खोचलेला. "ताई, काय झालं? कोण आहे आत?"

साहेबांनी कर्णा धाकटीच्या हातात कोंबला. "तुझा नवरा आहे. तुलाच शोधतोय. बोलाव त्याला."

धाकटीनं कर्णा तोंडाला लावला. हाक निघाली ती घरात जेवायला बोलवावं तशीच. "अहो, मी इथं बाहेर आहे. या तुम्ही." तिनं पुन्हा बोलावलं, पुन्हा बोलावलं, आणि चौथ्या हाकेला धुरातून तो आला. मास्क त्याच्या गळ्यात लोंबत होता.

धाकटीला बघून तो चक्क हसला. लोक त्याच्याभोवती गोळा झाले, कोणी पाठीवर थाप मारली. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"मास्क कधी काढलास?"

"मास्कमधून हाक बाहेर जाईना, साहेब. बाथरूम बघितलं, कपाटांच्या मागं बघितलं. काढला असेल चार-पाचदा. मला काही झालेलं नाही."

साहेबांनी त्याला एक पाऊलही चालू दिलं नाही. उचलून दवाखान्याच्या खोलीत नेऊन निजवलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. मग दाराबाहेर दोघी जावांना हलक्या आवाजात म्हणाले, "हा धूर लगेच काही करत नाही. माणूस हसतो, बोलतो, चहा मागतो. मग सहा-आठ तासांनी छातीत पाणी भरायला लागतं. कदाचित नाहीही भरणार. पण संध्याकाळ होईपर्यंत कोणालाच काही सांगता येत नाही."

थोरली आत गेली आणि खाटेशी उभी राहिली.

"वहिनी, रडताय कशाला?" दीर म्हणाला. "सापडली ना ती."

"भावोजी, तिचं कार्ड मी लावलं होतं. ती आत नाही हे मला ठाऊक होतं. तुम्ही आत गेलात तेव्हाही ठाऊक होतं."

काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण आधी खोकला आला. लहानसा, कोरडा.

"घसा जरा खवखवतोय," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. धाकटीनं नवऱ्याचा हात धरला, आणि थोरली संध्याकाळपर्यंतचे तास बोटांवर मोजू लागली.