प्राइमरचे तीन डबे

दत्तप्रसादने स्वतः कधी रायफल चालवली नाही. चालवायची ती त्याची बायको, सुचित्रा. पुण्यात कॉलेजात असताना ती एनसीसीतून नेमबाजीत आली होती. लग्नानंतर दोघं अमिरातीत रास अल खैमाला आले आणि मुलगी वैभवी शाळेत रुळल्यावर, शहराबाहेर वाळूत एक शूटिंग क्लब आहे असं कळलं तेव्हा सुचित्राने पुन्हा सुरुवात केली. दत्ता टाइल्सच्या कारखान्यात भट्ट्यांचा मेंटेनन्स बघायचा. शुक्रवारी तो तिला क्लबवर सोडायचा आणि ती रेंजवर असेपर्यंत लोडिंग रूममध्ये जहूरभाईंशी गप्पा मारत बसायचा. जहूरभाई पेशावरचे, क्लबचा सगळा दारूगोळा त्यांच्या ताब्यात. त्यांच्या देखरेखीखाली तो हळूहळू सुचित्राची काडतुसं भरायलाही लागला.

वापरलेली पितळेची पुंगळी साफ करायची, तिच्यात मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. पण सगळ्यांत आधी बुडाशी प्राइमर. प्राइमर म्हणजे अख्ख्या मसुराएवढी एक टोपी. तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. ही टोपी बसवायला पकडीसारखं एक हत्यार असतं. मूठ आवळत न्यायची. टोपी तळाला टेकली की ते हाताला कळतं. दत्ताला तेवढंच आवडायचं. "आवाज तुझा, हे माझं," असं तो सुचित्राला म्हणायचा.

२००८च्या शेवटी दुबईतली बांधकामं थांबली आणि टाइल्स कोणी घेईना. कारखान्याने एक भट्टी विझवली. कोण राहणार, कोण जाणार याच्या कुजबुजी सुरू झाल्या. त्याच सुमारास क्लबला नेहमीचे प्राइमर मिळेनासे झाले. अमेरिकेत निवडणुकीनंतर लोकांनी ते घरात साठवायला सुरुवात केली होती म्हणे. जहूरभाईंनी कुठून कुठून तीन वेगळे ब्रँड मिळवले. नावं कोणाच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून डब्याच्या रंगावरून पिवळा, पांढरा आणि लाल.

"मार्चमध्ये तुझी मॅच आहे," दत्ता म्हणाला. "तिन्हींची नीट टेस्ट घेऊ. दारू तीच, गोळी तीच, रायफल तीच. फक्त प्राइमर बदलायचा." किती तरी आठवड्यांनी त्याचा चेहरा असा उजळलेला तिने पाहिला.

पहिल्या शुक्रवारी पिवळा. सुरुवातीच्या गोळ्या टार्गेटवर एकमेकींना चिकटून बसल्या. मग एक एकदम खाली गेली. त्यानंतर ट्रिगर ओढला तर नुसताच टक्‌ असा आवाज. सुचित्रा नियमाप्रमाणे थांबली, रायफलचा बोल्ट उचलून पिन पुन्हा ताणली आणि ट्रिगर ओढला, तेव्हा काडतूस उडालं.

"पिवळा बाद," दत्ता म्हणाला.

पुढच्या वेळी पांढरा. त्यातही तेच. मग लाल, तो तर सगळ्यांत वाईट. दत्ताने जहूरभाईंना आणखी एखादा ब्रँड मिळतो का विचारलं. फुजैराला जहाजावर काम करणाऱ्या एका ओळखीच्याकडून काही जमेल का, म्हणून फोन केले. जेवताना तो तेच बोलायचा. पिवळ्याचं पितळ कडक असेल, लाल उन्हात पडून राहिला असेल.

"बाबा, इट्स जस्ट अ हॉबी," वैभवी म्हणाली.

"असू दे ना गं," तो म्हणाला. "एखादी गोष्ट तरी नीट कळू दे."

फेब्रुवारीत त्याला एका शुक्रवारी कामावर बोलावलं. सुचित्रा एकटीच क्लबवर गेली. दत्ताने आठवडाभर आधी भरून ठेवलेली काडतुसं तिने डब्यातून काढली, आणि सहज एकाच्या बुडावरून बोट फिरवलं. प्राइमरची कड नखाला लागली. ती कड लागायला नको होती. प्राइमर पितळेच्या किंचित आत बसायला हवा. दुसऱ्याला लागली नाही. तिसऱ्याला लागली. टोपी वर राहिली की पिनेचा मार तिला खाली ढकलण्यातच वाया जातो, हे तिला दत्तानेच समजावून सांगितलं होतं.

जहूरभाईंना सांगून तिने तिन्ही डब्यांमधले थोडे थोडे प्राइमर घेतले आणि नवी काडतुसं स्वतः भरली. ते पकडीसारखं हत्यार नेहमीसारखंच चालत होतं. मग रेंजवर जाऊन तिने ती उडवली. पिवळे, पांढरे, लाल, सगळ्यांच्या गोळ्या टार्गेटवर एकाच मुठीत मावतील अशा बसल्या. एकही चुकली नाही.

"सुभानअल्ला!" दुर्बिणीतून बघत जहूरभाई म्हणाले. "मैडम, तीनों बढ़िया हैं!"

तिलाही क्षणभर आनंद झाला. मग ती तिथेच चटईवर पालथी पडून राहिली, रायफल खांद्याला तशीच. दत्ता गेल्या काही महिन्यांत बटणांचे शर्ट घालत नव्हता. लोणच्याची बरणी तो वैभवीकडून उघडून घ्यायचा आणि तिच्या दंडाची चेष्टा करायचा. घराची किल्ली डाव्या हाताने फिरवायचा. हे सगळं तिने पाहिलं होतं आणि कशाशी काही जोडलं नव्हतं.

घरी आली तेव्हा तो दारातच उभा होता. "काय गं, काही कळलं?"

"पिवळाच खराब आहे," ती म्हणाली. "बाकीचे ठीक."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" तो इतका मोकळा हसला की तिला स्वयंपाकघरात निघून जावं लागलं. कढईत फोडणी टाकताना तिच्या मागून त्याचा आवाज येत होता. तो वैभवीला सांगत होता की त्याचा संशय पहिल्यापासून त्या पिवळ्यावरच होता, इतकं ते उघड होतं.

हे खोटं चारच दिवस टिकलं. मंगळवारी सुचित्रा वैभवीला क्लासहून घेऊन आली, तर दत्ता रेंजवरचे टार्गेटचे कागद डायनिंग टेबलावर पसरून बसला होता. तिने ते गाडीच्या डिकीत टाकले होते. एकेका टार्गेटच्या कोपऱ्यात तिच्याच अक्षरात रंग लिहिलेला होता. वैभवी तिच्या खोलीत गेली.

"पिवळ्याच्या गोळ्यांचा हा ग्रुप," तो म्हणाला. "इतका सुंदर ग्रुप मी कधी पाहिला नाही." मग त्याने विचारलं, "ही काडतुसं तू भरलीस ना?"

तिने मान डोलावली.

त्याने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. अंगठ्याखालचा मांसल भाग खोल गेला होता. तिने तो हात रोज पाहिला होता.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल. मला वाटलं, काही तरी शीर दबली असेल. डॉक्टरकडे गेलो असतो तर ऑफिसच्या इन्शुरन्समधून एचआरला कळलं असतं. यादी करतायत ते, सुचित्रा. पण खरं सांगू? प्राइमरमध्येच दोष असेल असं मला मनापासून वाटत होतं. तीन ब्रँड खराब असू शकतात की."

"असू शकतात," ती म्हणाली आणि मग तिला रडू आवरलं नाही. त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

दुबईत ऊद मेथाजवळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात, औषध नाही. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. दत्ताने भट्टीतल्या बिघाडाबद्दल विचारावेत तसे प्रश्न विचारले. सुचित्राने एकही विचारला नाही.

नोकरी त्याच महिन्यात गेली. आजाराचं कारखान्यात कोणालाच कळलेलं नव्हतं. दुसरी भट्टी विझली आणि त्या भट्टीचे सगळेच गेले. हे ऐकून दत्ता हसला आणि मग बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मॅचला सुचित्रा जाणार नव्हती. त्याने हट्ट धरला. ती काडतुसं भरत असताना तो शेजारी स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवून. ती सहावी आली. दत्ताने सगळ्यांना पार्टी दिली, जहूरभाईंनी बिर्याणी मागवली. कोणी विचारलं की सांगायचा, "आम्ही पुण्याला शिफ्ट होतोय, खूप झालं गल्फ."

जूनमध्ये व्हिसा रद्द झाला. दुबईच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरसमोर त्याला खिशातला पासपोर्ट काढता येईना. दोन बोटांनी तो धरायचा, आणि तो निसटायचा. मागची रांग चुळबुळायला लागली. काउंटरवरचा तरुण अधिकारी घाई करत म्हणाला, "यल्ला, हबीबी." सुचित्राचा हात पुढे गेला होता, तो तिने मागे घेतला. घाम त्याच्या कानामागून शर्टात उतरत होता.

"काढ तू," शेवटी तो म्हणाला.

तिने पासपोर्ट काढला. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

पुण्यात तो आणखी दोन वर्षं होता. शेवटच्या काळात वाचाही गेली. सुचित्रा त्याला चमच्याने पेज भरवायची, तेव्हा तो तिच्याकडे बघत राहायचा आणि घास खाली गेला की डोळे एकदा मिटून उघडायचा. तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी जहूरभाईंचा फोन आला. साहेब कसे आहेत, असं त्यांनी विचारलं. तिने फोन वैभवीच्या हातात दिला आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.